पगार परवडतोय, मग प्रोत्साहनाची अट वेगळी कशाला?

प्रश्न असा: एजंटला, म्हणजे मालकासाठी काम करणाऱ्याला, काम स्वीकारण्याइतका मोबदला मिळतोय, तर करारात आणखी प्रोत्साहनाची अट का घालायची?

कारण या दोन अटी दोन वेगळ्या निर्णयांवर लागतात. सहभागाची अट ठरवते की तो काम घेईल की नाही. घेतल्यावर मेहनत करेल की अंग चोरेल, हे प्रोत्साहनाची अट ठरवते. मालकाला मेहनत दिसत नाही, फक्त निकाल दिसतो. सगळी गोम इथेच आहे.

आकडे घ्या. मेहनत केली तर यशाची शक्यता 0.8, नाही केली तर 0.4. मेहनतीचा त्रास 10 एककांचा. यशावर बोनस ब. एजंटला जोखमीचं वावडं नाही असं धरू. मग 0.8ब − 10 ≥ 0.4ब, म्हणजे ब किमान 25 हवा. मूळ पगार मेहनत केली काय, न केली काय, सारखाच मिळतो, त्यामुळे तो या असमानतेच्या दोन्ही बाजूंनी कटतो, म्हणून नुसता पगार वाढवून मेहनत वाढत नाही. विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात.

आता एजंट जोखीम टाळणारा असेल तर मोठ्या बोनसमुळे मिळकत अनिश्चित होते, ते त्याला नकोसं वाटतं आणि या जोखमीची भरपाई मालकाला करावी लागते. अर्थतज्ज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांचं 1979 चं काम प्रोत्साहन आणि जोखीम यांच्यातल्या याच ओढाताणीवर आहे. ते जरूर वाचा.