हॉटेलसारखा कोथिंबीर-लिंबू भात: कोथिंबीर आणि लिंबू विस्तवापासून लांब ठेवा

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे: बरिटो बाऊलमध्ये, म्हणजे भात-राजम्याच्या मेक्सिकन धाटणीच्या वाडग्यात, मिळतो तसा कोथिंबीर-लिंबू भात सोलापुरात घरी केला की त्याचा गोळा होतो, कोथिंबीर काळपटते आणि भात किंचित कडू लागतो. तांदूळ चुकतो का कृती, हे तुम्हाला हवं आहे. थोडं तांदळाचं चुकतं, पण मुख्य चूक वेळेची असते. लिंबू आणि कोथिंबीर भाताला गॅस बंद झाल्यावर भेटायला हवेत, आणि बहुतेक घरांत ते आधी भेटतात.

याचं कारणही समजण्यासारखं आहे. आपल्याकडे लिंबाचा भात म्हटलं की हात आपोआप फोडणीच्या कढईकडे जातो. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे चित्रान्न घराघरांत माहीत. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत निम्मकाय पुलिहोरा होतो. मोहरी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद. फार चांगला पदार्थ, पण त्याची चव फोडणीच्या तेलातून येते. तुम्ही विचारताय त्या भाताला फोडणीच नाही. अमेरिकेत १९९३ साली डेन्व्हरला सुरू झालेल्या चिपोटलेसारख्या मेक्सिकन धाटणीच्या हॉटेलांच्या साखळ्यांनी तो सगळीकडे पोचवला, आणि त्यात असतं काय, तर लांब दाण्याचा तांदूळ, वास नसलेलं तेल, तमालपत्र, मीठ, कोथिंबीर आणि लिंबूवर्गीय फळांचा रस. जिरं नाही, लसूण नाही, हळद तर नाहीच. कच्च्या कोथिंबिरीचा आणि ताज्या लिंबाचा वास हाच सगळा मसाला.

चार जणांसाठी हे प्रमाण घ्या: जुना बासमती २०० ग्रॅम, पाणी २ लिटर, पाण्यात मीठ १ मोठा चमचा, तमालपत्र १, तेल १ मोठा चमचा, लिंबाचा रस २ मोठे चमचे म्हणजे ३० मिलिलिटर, एका लिंबाच्या सालीचा कीस, निवडून धुतलेली कोथिंबीर ३० ग्रॅम, आणि वरून लागेल तसं पाव ते अर्धा चहाचा चमचा मीठ.

तांदळाचं आधी. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर आमटीशी कितीही गोड लागला तरी इथे चालणार नाही. त्याच्या शितांना चिकटपणा देणारा स्टार्च जास्त असतो, त्यावर लिंबाचा ओला रस पडला की गोळा ठरलेला. कोलम चालेल, पण दाणा आखूड असल्यामुळे हॉटेलची फडफडीत जाणीव येत नाही. बासमती वर्षभर तरी मुरलेला असावा. नवा बासमती लवकर फुटतो. तीन-चार पाण्यांतून हलक्या हाताने धुवा, पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत. हे पाणी पांढरं दिसतं ते तुटलेल्या दाण्यांच्या पिठामुळे, आणि तेच पीठ शिजताना खळ होऊन शितं चिकटवतं. मग अर्धा तास भिजवा. भिजलेला दाणा आतबाहेर सारखा शिजतो. कोरडा टाकलेला बाहेरून फुटतो आणि आत कणी राहते.

आता भात वेळून काढायचा आहे. आपल्या आज्या मोठ्या कार्याला करत तसाच, आणि मोकळ्या भातासाठी याहून खात्रीची रीत मला माहीत नाही. २ लिटर पाणी मीठ आणि तमालपत्र घालून खळखळ उकळू द्या, मगच निथळलेला तांदूळ घाला. पहिल्या अर्ध्या मिनिटात एकदाच तळापासून हलवा, नंतर ढवळू नका. झाकण नको. सहाव्या मिनिटापासून एकेक शीत बोटांत दाबून बघायला लागा. मध्ये सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उरला असताना भात लगेच रोळीत किंवा चाळणीत ओता. साधारण ६ ते ८ मिनिटं लागतात. पूर्ण शिजू दिलात तर पुढच्या वाफेत तो जास्त शिजेल. दोन मिनिटं नीट निथळू द्या, चाळणी एकदोनदा आपटा. मग त्याच गरम पातेल्यात परत घाला, वरून तेल सोडा, झाकण लावा आणि गॅस बंद ठेवून १० मिनिटं मुरू द्या. उरलेली कणी वाफेवर शिजते आणि तेल शितांवर बसतं.

तुमच्या घरी बोअरचं पाणी असेल तर एक बारकी गोष्ट. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आणि क्षारांचं असतं, आणि त्यात भात पिवळसर दिसतो. उकळत्या पाण्यात लिंबाच्या रसाचे सात-आठ थेंब टाकले की भात पांढरा राहतो. हे थेंब रंगासाठी आहेत, चवीसाठी नाहीत. आंबटपणा यायच्या आतच ते २ लिटरमध्ये हरवतात.

कुकरच वापरायचा असेल तर भिजवून निथळलेल्या एका वाटी तांदळाला सव्वा वाटी पाणी, मोठ्या आचेवर एकच शिट्टी, आणि वाफ आपोआप जाईपर्यंत थांबा. वरणाच्या डब्याबरोबर तीन शिट्ट्या देऊन केलेल्या भातावर पुढची मेहनत वाया घालवू नका, तो वरणाबरोबरच खा.

मुरलेला भात मोठ्या परातीत पसरा. झाऱ्याने ढकलू नका, काट्याने हलकेच मोकळा करा. ५ ते ७ मिनिटं जाऊ द्या. हाताला गरम लागेल पण चटका बसणार नाही, इतपत उतरला की लिंबाची वेळ झाली. खूप गरम भातावर रस घातला तर लिंबाचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. अगदी गार भातात रस मुरत नाही, वरवर राहतो आणि एका घासाला आंबट, दुसऱ्याला सपक लागतं.

लिंबाबद्दल मात्र आपण नशीबवान आहोत. अमेरिकेतल्या हॉटेलांत बहुधा मोठं, बिनबियांचं पर्शियन लिंबू वापरतात. आपलं कागदी लिंबू लहान, पातळ सालीचं आणि जास्त आंबट. मेक्सिकोत घरोघरी वापरतात ते छोटं लिंबूही याच जातीचं. म्हणून इंग्रजी पाककृतीत लिहिलेलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं तर भात आंबट ढोण होतो. त्यात ३ चमचे असतील तर तुम्ही २ घ्या, आणि तरीही तीक्ष्ण वाटला तर पाव चमचा साखर रसातच विरघळवा. लक्ष्मी मंडईत लिंबं घेताना दोन तऱ्हेची घ्या: रसाला पिवळी, दाबल्यावर मऊ लागणारी, आणि सालीला एखादं गडद हिरवं. हिरव्या सालीत वासाचं तेल भरपूर असतं, आणि हॉटेलच्या भातासारखा जो वास घरी सहसा येत नाही, तो याच सालीने येतो.

साल किसताना मात्र हात हलका हवा. बारीक किसणीवर प्रत्येक जागी एकदाच फिरवा, फक्त हिरवा रंग निघाला पाहिजे. कागदी लिंबाची साल इतकी पातळ असते की दुसऱ्या फेरीला पांढरा भाग येतोच, आणि तो कडू असतो. तुमच्या भाताचा कडूपणा इथून येत असेल, किंवा लिंबू चिमटून चिमटून पिळल्यामुळे, किंवा बिया चिरडल्यामुळे, किंवा रस आधीच काढून ठेवल्यामुळे. काढून ठेवलेल्या रसात कडवटपणा हळूहळू वाढत जातो, तापवला तर लवकर वाढतो. शिजणाऱ्या भातात लिंबू पिळणाऱ्यांचा भात म्हणूनच कडवट होतो. भात परातीत पसरल्यावरच लिंबं चिरा. रस गाळून घ्या, त्यातच वरचं मीठ विरघळवा आणि चमच्याने सगळ्या परातीभर शिंपडा. एका जागी ओतू नका. सालीचा कीसही तेव्हाच भुरभुरवा.

कोथिंबीर सगळ्यात शेवटी, वाढायच्या दोन-चार मिनिटं आधी. पानांचा हिरवा रंग आंबट आणि उष्णता एकत्र आली की टिकत नाही: हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं आणि पान शेवाळी, मग तपकिरी होतं. तुमच्या काळपटपणाचं कारण हेच. दुसरं कारण ओली पानं. मंडईत पेंढ्यांवर दिवसभर पाणी मारलेलं असतं, त्यामुळे घरी आणल्यावर निवडा, धुवा आणि पंचावर पसरून तासभर पूर्ण कोरडी होऊ द्या. ओली कोथिंबीर चिरली जात नाही, चेचली जाते, आणि भाताला पाणी सुटतं ते वेगळंच. धारदार सुरीने एका दिशेने चिरा, चिरलेल्यावर पुन्हा पुन्हा सुरी चालवू नका. कोवळे देठ टाकू नका, वास तिथेच जास्त असतो. फक्त जाड, दोऱ्याचे देठ काढा. मिळाली तर बारीक पानांची गावरान घ्या. रुंद पानांची दिसायला भरगच्च असते, पण वासाला फिकी. मिक्सरमधून काढू नका. त्याने भात हिरवा होतो, चटणीची चव येते, आणि तो पदार्थच बदलतो.

तेलाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. घाण्याचं शेंगदाणा तेल इथे नको, त्याचा खमंग वास कोथिंबिरीवर चढतो. तूपही नको, भात निवला की ते गोठून शितांना मेणासारखं लागतं. राइस ब्रान, सूर्यफूल किंवा आपल्या भागातलं करडईचं रिफाइंड तेल उत्तम.

पाहुण्यांसाठी १ किलो तांदळाचा करणार असाल तर साधारण वीस जणांना पुरतो. पण वेळताना एका पातेल्यात अर्ध्या किलोपेक्षा जास्त घालू नका. पाण्याची उकळी मोडते आणि तांदूळ शिजायच्या ऐवजी फुगत बसतो. रस आधी १२० मिलिलिटर घाला, चाखा, मग १५० पर्यंत जा. कोथिंबीर १५० ग्रॅम.

आदल्या दिवशी करून ठेवायचा असेल तर नुसता भात करा, परातीत पटकन निववा आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत शिजलेला भात तासाभरापेक्षा जास्त ओट्यावर राहू देऊ नका. भातात वाढणाऱ्या जंतूंचं विष परत गरम करूनही जात नाही. वाढताना पाण्याचा हबका मारून वाफवा आणि लिंबू-कोथिंबीर तेव्हाच घाला. डब्यासाठी मात्र भातात रस घालून द्या, चिरलेली कोथिंबीर छोट्या डबीत वेगळी, खाताना वर टाकायला. एकत्र भरली तर दुपारपर्यंत तिचा रंग आणि वास दोन्ही गेलेले असतात.

बरोबर राजमा करा, पण दाट आणि कमी तिखट. काळं तिखट घातलेला झणझणीत रस्सा या भाताला झाकून टाकतो.