व्हिक्टोरियन काळात स्कॉटलंडमधलं कामगार कुटुंब किती खोल्यांत राहायचं?

बहुतेक वेळा एक, फार तर दोन. १८६१ च्या जनगणनेत तिथली साधारण एक तृतीयांश घरं एकाच खोलीची निघाली. ग्लासगोत अशा घराला 'सिंगल एंड' म्हणत. दगडी, तीन-चार मजली इमारत, जिना सामाईक. खोलीत एका बाजूला कोळशाची चूल, दुसरीकडे भिंतीतल्या कोनाड्यात आईबापाचा पलंग. त्याच्याखालून रात्री चाकांचा बुटका पलंग ओढायचा, त्यावर मुलं. सकाळी तो आत ढकलला की झालं स्वयंपाकघर! जेवणात ओटची लापशी आणि बटाटे.

मला सगळ्यात विचित्र वाटते ती दारावरची चकती. १८६२ च्या कायद्यानंतर ग्लासगोच्या लहान घरांवर किती माणसांनी झोपायचं याचा आकडा लावत. आठ वर्षांखालचं पोर अर्धं धरत. निरीक्षक मध्यरात्री येऊन डोकी मोजत. मग जादा माणसं कपाटात, नाहीतर छपरावर. भाडं परवडावं म्हणून पोटभाडेकरू ठेवलेले असत, करणार काय?

स्कॉटलंडच्याच डंडी शहरात मात्र नवरा-बायकोची कामं उलटी. तिथल्या तागाच्या गिरण्यांत (ताग आपल्या बंगालचा) बायका कमी मजुरीत कामाला मिळत, म्हणून घरात कमावती बायकोच. घरी बसलेल्या नवऱ्याला लोक 'केटल बॉयलर', म्हणजे चहाचं आधण ठेवणारा, म्हणून चिडवत.