बाबांना पुन्हा सायकलवर बसवताना

बाबा 67 वर्षांचे, सायकल सुटून 25 वर्षं झालेली, तर नवी गिअरची सायकल घ्यायची घाई करू नका. आधी बिनदांडीची साधी सायकल कुणाकडून तरी मागून आणा. पुरुषमंडळींना ‘लेडीज सायकल’ म्हटलं की कमीपणा वाटतो, पण या वयात पडायला होतं ते बहुधा चढता-उतरतानाच. दांडीवरून पाय टाकायला कंबर पूर्वीसारखी साथ देत नाही.

सीट इतकी खाली घ्या की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील. मग पेडल काढून टाका. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते उजवीकडे फिरवल्यावर सुटतं. मी पहिल्यांदा अर्धा तास उलटा जोर लावत बसलो होतो! आता मैदानात पायांनी ढकलत सायकल चालवू द्या. तोल लवकर परत येतो. नजर चाकाकडे न ठेवता समोर ठेवायला सांगा. पाय उचलून दहा-बारा फूट सरळ जाता आलं की पेडल लावा, आणि नंतर सीट हळूहळू वर घ्या.

ब्रेक दोन्ही एकदम, हलके दाबायचे. मागून सीट धरून पळू नका, त्यांचाच तोल जातो. मान वळवून मागे बघताना सायकल भरकटते का, तेवढं तपासल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. बीपीची गोळी चालू असेल, चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हेल्मेटवर मात्र वाद घालू देऊ नका.