शनिवारी शाळेत मुलांबरोबर वाचायला जाणार आहेस ना?

पहिल्याच दिवशी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन जाऊ नकोस. एकच ने, मोठ्या अक्षरांचं, पानावर दोन-तीन ओळींचं. ‘असर’ या देशभरातल्या शिक्षण-सर्वेक्षणाच्या वाचन चाचणीत मूल अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी कुठवर वाचतं ते पाहतात. तसं तूही आधी बघून घे. तिसरीतल्या मुलाचीही गाडी शब्दांवर अडलेली असू शकते.

मूल थांबलं की लगेच शब्द सांगून टाकू नकोस. मनात पाचपर्यंत मोज. माझ्याकडची एक मुलगी ‘पुस्तक’मधल्या ‘स्त’पाशी अडायची. बोट अक्षरावर, ओठ हलताहेत, आवाज नाही. चार शनिवार मीच घाईने सांगत राहिले. पाचव्यांदा गप्प बसले, तर तिने स्वतःच ‘स’ला ‘त’ जोडला आणि तोच शब्द पानभर शोधत सुटली! तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

घरी कन्नड किंवा हिंदी बोलणारं मूल असेल, तर चित्रांवर आधी त्याच्या भाषेत बोलू दे.

ऑफिसच्या मीटिंगसाठी शनिवार बुडवू नकोस, पोरं दारात वाट बघत उभी असतात. अगदीच जमणार नसेल तर आदल्या दिवशी बाईंना फोन कर. नव्या गोष्टी ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठीत फुकट मिळतात.