फॅलेनॉप्सिसला कळ्या आल्यावर

ताई, अभिनंदन! मराठवाड्याच्या कोरड्या हवेत फॅलेनॉप्सिस ऑर्किडला कळ्या आल्या, म्हणजे थंडीतल्या गार रात्री कामी आल्या. रात्रीचा पारा काही आठवडे १८ अंशांच्या आसपास राहिला की हे झाड फुलाची दांडी काढतं. आता कुंडी फिरवू नका. उजेडाची दिशा बदलली की कळ्या वेड्यावाकड्या वळतात.

खरी काळजी पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार मुळांवर पांढरे साचतात. साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी द्या, तेही सकाळी. मुळं हिरवी असतील तर थांबा, चंदेरी झाली की द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका, गाभा कुजतो. माती तर नकोच. कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं पुरेत.

फुलं दोन-तीन महिने टिकतात, मनसोक्त बघा! पिकलेली केळी मात्र जवळ ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर माना टाकतात. मार्चमध्ये ऊन तापलं की दुपारी पडदा ओढा. कूलरच्या खोलीत झाडाला ओलावा मिळतो, फक्त थेट झोत अंगावर येऊ देऊ नका.