गाडी घ्यायची की आगगाडीनं जायचं?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "आम्हा दोघांना इथे येऊन ३ वर्षं ४ महिने झाले. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ४,६०० पौंड. भाडं, बिलं, किराणा आणि पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता जाऊन महिन्याला ६०० उरतात. बाजूला ९,५०० साठलेत. मागचा हिवाळा घरात बसून काढला, दोघंही पार कंटाळलो. ह्यांनी उन्हाळ्यात इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास केली. आता म्हणतात, ६,००० ची सेकंडहँड गाडी कर्जावर घेऊ, नॅशनल ट्रस्टची (जुने वाडे आणि बागा सांभाळणारी संस्था) मेंबरशिप काढू आणि नोव्हेंबरपासून दर वीकेंडला बाहेर पडू. मधे दोन-तीन छोट्या ट्रिपा. मला हे जरा जास्त वाटतंय, पण पुन्हा तसं कोंडून बसायचीही इच्छा नाही. काय करू?"

ताई, फिरायला जाच. ह्या देशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी घरात बसणाऱ्याचं काय होतं ते मी सोळा हिवाळे बघतेय. वाद फिरण्याबद्दल नाहीच, गाडीबद्दल आहे.

तुम्ही पाठवलेले आकडे मांडून बघितले. ६,००० चं कर्ज, चार वर्षं, ९.९ टक्के, म्हणजे महिन्याला १५१ चा हप्ता, वर्षाचे १,८१२. इन्शुरन्सचं कोटेशन १,१४०. नवा ड्रायव्हर म्हटल्यावर इतकं येणारच. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवली असली तरी इथल्या कंपनीच्या लेखी तुमचे हे कालचे पोर. रोड टॅक्स साधारण १९५, एमओटी (गाडीची दर वर्षीची सक्तीची तपासणी) ५५, सर्व्हिसिंग आणि टायरला ४०० धरा. बेरीज ३,६०० च्या वर गेली, म्हणजे महिन्याला ३०० आणि पेट्रोल अजून टाकीत पडलेलंच नाही. ऑफिसला तुम्ही दोघंही बस आणि ट्रेननं जाता असं लिहिलंय, म्हणजे ही गाडी निव्वळ फिरण्यासाठी. वर्षात वीस वेळा बाहेर काढलीत तर दर वेळी १८० पौंड दारातच खर्च झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

उरणाऱ्या ६०० वर आणखी एक हक्क आहे, त्याचा पत्रात उल्लेखच नाही. पाच वर्षं पूर्ण व्हायला तुम्हाला २० महिने राहिलेत. पाच वर्षांनी मागायच्या आयएलआरची (इथे कायम राहायच्या परवानगीची) फी माणशी तीन हजारांच्या वर आहे. त्यात लाइफ इन द यूके टेस्ट, कागदपत्रं आणि मधल्या काळात फी वाढण्याची शक्यता धरून दोघांचे साडेसहा हजार लागतील असं गृहीत धरा. भागिले २०, म्हणजे महिन्याला ३२५. हा पाच वर्षांचा कालावधी वाढवण्याचा प्रस्ताव सरकारनं २०२५ मध्ये मांडलाय, मग आत्तापासून कशाला, असं ह्यांनी विचारलं तर सांगा: मुदत वाढली तर व्हिसा पुन्हा काढावा लागेल, आणि नुसता हेल्थ सरचार्जच (व्हिसाबरोबर भरायची सरकारी दवाखान्याची फी) माणशी वर्षाला १,०३५ आहे. पैसे लागणार ते लागणारच. बाजूचे ९,५०० तर अजिबात हलवू नका. ती जेमतेम अडीच महिन्यांची शिदोरी आहे, आणि नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर (व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी) शोधायला साधारण ६० दिवसच मिळतात.

६०० मधून ३२५ गेले, उरले २७५. त्यात ३०० ची गाडी बसत नाही. ऋण काढून सण करायचा, तोही अंधारात!

अंधार म्हणते ते खरंच. डिसेंबरच्या मध्यावर तुमच्याकडे चारच्या आत सूर्य मावळतो. उजेड जेमतेम आठ तास, त्यातला पहिला तास पांघरुणात जातो. आमची पहिली गाडी घेतली त्या वर्षी हौसेनं डिसेंबरात समुद्रावर गेलो होतो. डबे भरून निघायला अकरा, पोचायला दोन, पार्किंगच्या ॲपशी झटापट वीस मिनिटं. किनाऱ्यावर वारा असा, की थालीपीठ गाडीत बसूनच खाल्लं, काचांवर वाफ धरलेली. पावणेचारला परत फिरलो. दहा दिवसांनी पार्किंगवाल्या खाजगी कंपनीचं पत्र: नंबर टाकताना एक अक्षर चुकलं म्हणून १०० पौंड दंड, चौदा दिवसांत भरले तर ६०. भरले ६०.

म्हणून हिवाळ्यात अंतर मैलांत मोजू नका, उजेडाच्या तासांत मोजा. एका दिवसाची सहल दाराबाहेर दीड तासाच्या आतली हवी. आणि इथे तुमचं नशीब जोरावर आहे, कारण रेडिंग हे मोठं जंक्शन. ऑक्सफर्ड अर्ध्या तासावर, तिथलं ॲशमोलियन म्युझियम फुकट. बाथ तासाभरावर. विंचेस्टरला थेट ट्रेन, डिसेंबरात कॅथेड्रलच्या आवारात ख्रिसमस मार्केट भरतं. लंडन तर अंगणात: व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम), ब्रिटिश म्युझियम, नॅचरल हिस्टरी, सगळी फुकट आणि उबदार. एखाद्या शनिवारी प्रिमरोझ हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड बघून या. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये त्या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते विकत घेतलं. तिकीट नाही. आधी वेळा मात्र बघून घ्या.

ह्या सगळ्यासाठी घ्यायचं ते टू टुगेदर रेलकार्ड. ३५ पौंड, वर्षभर, दोघं बरोबर असलात की तिकिटावर एक तृतीयांश सूट. साधं गणित: १०५ पौंडांची तिकिटं काढलीत की कार्ड फिटलं, म्हणजे दुसऱ्या सहलीतच. अट एवढीच, की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि फोटो दोघांचे, प्रवासही दोघांचा. भांडून एकटंच निघालात तर पूर्ण तिकीट!

नॅशनल ट्रस्टची मेंबरशिप आत्ता नको. दोघांची मिळून १६० च्या आसपास जाते. संस्था चांगलीच आहे, पण हिवाळ्यात त्यांचे बरेच वाडे बंद तरी असतात किंवा अर्धेच उघडे, बागा तेवढ्या चालू. त्यातला मोठा फायदा फुकट पार्किंगचा, तो गाडीवाल्यांना. तुमच्या जवळचं बॅसिल्डन पार्कसुद्धा स्टेशनपासून बरंच लांब आहे. मार्चअखेरीस घ्या, म्हणजे अख्खा उन्हाळा वसूल होईल. पुढच्या उन्हाळ्यात ह्यांच्या लायसन्सलाही वर्ष होईल. भाड्यानं गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांना ते लागतंच. मग जुलै-ऑगस्टात दोन-तीन वीकेंड गाडी भाड्यानं घ्या आणि हौस फिटते का बघा.

छोट्या ट्रिपा दोन-तीन नकोत, एकच करा, पण नीट. लांबचं ठिकाण असेल तरच रात्री राहायचे पैसे टाकावेत. बाथला मुक्काम कशाला, रात्री घरी येऊन वरण-भात खाता येतो की. माझं मत यॉर्कला. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून दोनेक तास. नॅशनल रेल्वे म्युझियमला तिकीट नाही, गावाच्या तटावरून चालायलाही नाही (बर्फ झालं की तट बंद ठेवतात, तेवढं लक्षात असू द्या). डिसेंबरात तिथल्या ख्रिसमस मार्केटमुळे हॉटेलांचे भाव चढतात, म्हणून जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बघा, आणि शुक्रवार-शनिवारऐवजी रविवार-सोमवार रात्र. दोघांची दोन-दोन दिवसांची रजा जाईल, पण हॉटेलच्या भावातला फरक बघितलात की तक्रार राहणार नाही. ट्रेनची ॲडव्हान्स तिकिटं लवकर काढा, त्यांवरही रेलकार्ड चालतं. फक्त रविवारी रुळांची कामं निघतात, ती आधी तपासा. हॉटेल क्रेडिट कार्डावर बुक करा, १०० पौंडांच्या वरच्या खरेदीला कायद्याचं संरक्षण मिळतं, आणि बिल पूर्ण भरा.

हिशेब असा: रेलकार्ड ३५, सहा एकदिवसीय सहली प्रत्येकी ७० (४५ तिकीट, बाकी चहापाणी आणि एखादं प्रवेशशुल्क, डबा घरचा) म्हणजे ४२०, यॉर्कचे ३८०. एकूण ८३५. हात सैल सोडून ९०० म्हणा. नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांत महिन्याला १८०. २७५ मधून हे जाऊन ९५ उरतात, ते बाजूच्या शिदोरीत टाका.

ह्यांना हा कागद दाखवायच्या आधी दोघांचे फोटो काढून कार्ड मागवा. २५ डिसेंबरला ट्रेन नसतात आणि २६ ला अगदीच तुरळक, तेव्हा ते दोन दिवस भावाकडे नाहीतर मैत्रिणीकडे, पायी जाता येईल अशा घरी काढा.