‘समलिंगी छायाचित्रं’ की समलिंगी माणसांची छायाचित्रं?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. समलिंगी स्त्री-पुरुषांच्या बाजूने उभी राहणारी चित्रं आणि छायाचित्रं एकत्र करून ते आणि त्यांचे सहकारी एक प्रदर्शन भरवत आहेत. फलकावर ‘समलैंगिक कला व छायाचित्रे : लैंगिक समानता आणि स्वीकृती’ असं लिहायचं घाटतंय. यात ‘समलैंगिक’ योग्य की ‘समलिंगी’, ‘स्वीकृती’ की ‘स्वीकार’, आणि चित्रांखालच्या ओळी लिहिताना काय सांभाळावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी फलक असा लिहीन : ‘समान हक्क आणि स्वीकार : समलिंगी स्त्री-पुरुषांच्या जगण्याची चित्रं’. आता कारणं.

‘समलिंगी’ आणि ‘समलैंगिक’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत, दोन्ही चालतात. पण घडण वेगळी आहे. ‘समलिंगी’ हा ‘समलिंग’ला ई-कार लागून झालेला शब्द. ‘समलिंग’ला ‘इक’ प्रत्यय लावला असता, तर समाज-सामाजिक या चालीने ‘सामलिंगिक’ व्हायला हवं होतं. तसं झालेलं नाही. ‘समलैंगिक’ म्हणजे ‘सम’ अधिक तयार ‘लैंगिक’. मराठीत हा ‘लैंगिक’ आपल्या कानावर पडतो तो संबंध, शिक्षण, अत्याचार, आजार यांच्या सोबतीने. त्यामुळे दोन बायका स्वयंपाकघरात बोलत बसल्या आहेत अशा छायाचित्राखाली ‘समलैंगिक जोडपं’ लिहिलं, की वाचणाऱ्याचं मन स्वयंपाकघरातून थेट बिछान्याकडे वळतं. ‘समलिंगी’ने तसं होत नाही, निदान कमी होतं. म्हणून मी ‘समलिंगी’कडे झुकतो. ‘गे’ आणि ‘लेस्बियन’ आता मराठीत रुळले आहेत आणि अनेकजण स्वतःबद्दल बोलताना तेच शब्द वापरतात. ज्याने स्वतःसाठी जो शब्द निवडला आहे, तोच त्याच्या छायाचित्राखाली हवा. तिथे मराठीकरणाचा आग्रह धरू नये.

खरी अडचण ‘समलिंगी कला’ या जोडीत आहे. विशेषण माणसाचं आहे आणि ते बांधलंय वस्तूला. ‘दलित साहित्य’ चालतं, मग हे का नको, असा प्रतिप्रश्न येऊ शकतो आणि तो रास्त आहे. पण ‘दलित साहित्य’ हे नाव लिहिणाऱ्यांनीच स्वतःच्या चळवळीसाठी घेतलं. तुमच्या प्रदर्शनात पाठिंबा देणाऱ्या इतर कलावंतांचंही काम असेल, तर सगळ्या भिंतीला एकच विशेषण चिकटवणं त्यांनाही लागू पडत नाही आणि छायाचित्रांतल्या माणसांनाही. छायाचित्र समलिंगी नसतं, माणूस असतो. ‘समलिंगी’ हा शब्द ‘व्यक्ती’, ‘स्त्री’, ‘पुरुष’, ‘जोडपं’ यांच्या आधीच यावा. ‘समलिंगींचे छायाचित्र’ असं नुसतं नाम करून टाकलं, तर त्या माणसाबद्दलचं बाकी सगळं पुसलं जातं.

या बाबतीत थोर छायाचित्रकारांनी चित्रांखाली काय लिहिलंय ते जरूर पाहावं. दक्षिण आफ्रिकेत झानेले मुहोली २००६पासून ‘फेसेस अँड फेजेस’ ही मालिका करत आहेत. कृष्णधवल, बहुतेक कंबरेपर्यंतची, कॅमेऱ्याकडे सरळ पाहणारी कृष्णवर्णीय लेस्बियन स्त्रियांची आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींची शेकडो व्यक्तिचित्रं. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या संविधानात कुणाचा लैंगिक कल कोणता आहे यावरून भेदभाव करायला बंदी आहे, २००६मध्ये तिथे समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यताही मिळाली. तरी रस्त्यावरची हिंसा थांबलेली नव्हती. अशा काळात मुहोली प्रत्येक व्यक्तिचित्राला काय नाव देतात? पूर्ण नाव, ठिकाण, वर्ष. बस. मालिका कशाची आहे ते एकदा बाहेर सांगितलेलं असतं. चौकटीखाली माणूस आपल्या नावाने उभा असतो. मांडणीत मधूनमधून रिकाम्या जागा सोडलेल्या असतात, त्याही बोलतात : कुणी आता या मालिकेत नाही, कुणाचं व्यक्तिचित्र अजून घ्यायचं आहे. अमेरिकेत कॅथरीन ओपी यांनी १९९०च्या दशकात देशभर फिरून लेस्बियन जोडप्यांची आणि कुटुंबांची त्यांच्या घरांत छायाचित्रं घेतली, त्यांची शीर्षकंही अशीच : घरातल्यांची नावं आणि गावाचं नाव. आपल्याकडचे चित्रकार भूपेन खख्खर यांच्या १९८२च्या चित्राचं नाव तर ‘बनारसमधले दोन पुरुष’ एवढंच आहे. चित्रात काय आहे ते चित्र सांगतंच, शीर्षक त्याच्या मध्ये येत नाही.

मुहोली यांच्याबद्दल लिहिताना मराठीची एक सोय हाताशी आहे, ती मला फार मोलाची वाटते. मुहोली स्वतःसाठी स्त्री किंवा पुरुष सुचवणारं सर्वनाम वापरत नाहीत. मराठीत ‘त्या म्हणाल्या’ किंवा ‘ते म्हणाले’ म्हटलं की लिंग ठरलंच, आदरार्थी ‘ते’सुद्धा पुरुषाकडे झुकतं. पण ‘मुहोली यांनी छायाचित्रं काढली’ यात क्रियापद छायाचित्रांप्रमाणे चालतं, काढणाऱ्याप्रमाणे नाही. ‘त्यांनी सांगितलं’, ‘मुहोली म्हणतात’, ‘त्यांचं म्हणणं असं’ ही सगळी वाक्यं कुणाचंही लिंग न ठरवता पूर्ण होतात. ज्यांना आपलं लिंग ओळीत यायला नको आहे, त्यांच्यासाठी हीच वाक्यरचना वापरा. ‘जोडीदार’ हा शब्दही असाच उपयोगी आहे : तो जोडीदार, ती जोडीदार. ‘मित्र’ किंवा ‘मैत्रीण’ लिहून नातं सौम्य करू नका. ज्यांनी छायाचित्रासाठी एकमेकांचा हात धरला आहे त्यांच्यावर तो अन्याय होतो.

दुसरा जपून वापरायचा शब्द ‘ओळख’. मराठीत ओळख करून देतात, ओळख लपवतात आणि पोलीस ओळख पटवतात. तिन्ही अर्थ एकाच शब्दात. दिल्लीत जन्मलेले छायाचित्रकार सुनील गुप्ता यांनी १९८६-८७मध्ये ‘एक्झाइल्स’ ही मालिका केली, तेव्हा दिल्लीतल्या समलिंगी पुरुषांसाठी हे तिन्ही अर्थ खरे होते. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७ लागू होतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकत होती. मागे इंडिया गेट, हुमायूनची कबर, हौज खास. पुढे माणसं, पण अनेकांचे चेहरे वळवलेले किंवा चौकटीने कापलेले. चित्रांखाली त्यांच्याच बोलण्यातली वाक्यं. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींच्या संमतीने असलेले समलिंगी संबंध या कलमाच्या कक्षेबाहेर काढले. आज त्या मालिकेबद्दल लिहिताना ‘ओळख लपवलेले पुरुष’ असं लिहू नये, कारण ‘लपवणे’ म्हटलं की दोष लपवणाऱ्याकडे जातो. ‘ज्यांना चेहरा दाखवणं सुरक्षित नव्हतं असे पुरुष’ हे लांब आहे, पण खरं आहे.

याच घरातली आणखी एक चूक बातम्यांत सर्रास दिसते : ‘समलिंगी असल्याची कबुली दिली’, ‘समलिंगी असल्याचं उघडकीस आलं’. कबुली गुन्ह्याची देतात, उघडकीला अफरातफर येते. अमेरिकी चित्रकार कीथ हेरिंग यांनी १९८८मध्ये ‘कमिंग आऊट डे’साठी, म्हणजे आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगण्याच्या दिवसासाठी, केलेलं रेखाटन डोळ्यांसमोर आणा : कपाटाच्या दारातून एक आकृती नाचत बाहेर पडते आहे. तिथे ‘कबुली’ कुठे बसेल? ‘घरी सांगितलं’, ‘उघडपणे सांगितलं’, ‘आता उघडपणे जगतात’ एवढं पुरेसं आहे.

‘स्वीकार’ आणि ‘स्वीकृती’ एकाच धातूचे, पण वापराने दूर गेले आहेत. स्वीकृती अर्जाची असते, निविदेची असते. तिला शिक्क्याचा वास येतो. ‘मान्यता’ कायद्याने द्यायची, ती विवाहाला हवी. ‘सहिष्णुता’ फलकावर अजिबात नको, तिच्या मुळाशी सहन करणं आहे. ‘स्वीकार’ मात्र सुंदर शब्द आहे. संस्कृतात ‘स्व’चा ‘स्वी’ होतो तो च्वि प्रत्ययामुळे, ‘शुद्ध’चा ‘शुद्धीकरण’मध्ये होतो तसा, अर्थ असा की, जे आपलं नव्हतं ते आपलं केलं. फक्त वाक्यात स्वीकार कुणी करायचा ते स्पष्ट असू द्या. ‘समलिंगी व्यक्तींचा स्वीकार व्हावा’ यात कर्ता गायब आहे. ‘घरच्यांनी स्वीकारावं’, ‘शाळेने स्वीकारावं’ असं लिहिलं, की वाचणाऱ्याला आपली जागा कळते.

‘लैंगिक समानता’ बदलावंच लागेल. मराठीत त्याचा रूढ अर्थ स्त्री-पुरुष समानता असा आहे. तुम्हाला लैंगिक कल कोणताही असो, हक्क सारखे, हे म्हणायचंय. त्याला ‘समान हक्क’ हे साधे शब्द पुरतात.

आणि निमंत्रणपत्रिकेवर समलिंगी हक्कांच्या चळवळीचा झेंडा छापणार असाल तर त्याला ‘सप्तरंगी’ म्हणू नका. इंद्रधनुष्यात सात रंग, पण या झेंड्यात नाहीत. गिल्बर्ट बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो केला तेव्हा पट्टे आठ होते. गडद गुलाबी आणि नीलहरित पुढे गळले आणि सहा उरले. ‘इंद्रधनुषी झेंडा’ म्हणा, म्हणजे पट्टे मोजणाऱ्यालाही खटकणार नाही.